बाळाची न येणारी दाढ

आमच्या खोल्यांच्या ओळीत त्या वर्षी इतक्या बायका गरोदर होत्या, की दुपारी सगळ्या एकदम कुशीवर वळल्या तर पलीकडच्या धाग्याच्या कंपनीतलं मशीन दोन मिनिटं बंद पडायचं. खोटं वाटत असेल तर माझ्या नवऱ्याला विचारा. तो त्याच मशीनवर होता आणि बारा तासांच्या पाळीत त्याला तेवढाच विसावा. आता बोटांवर मोजायलाच बसलात तर आम्ही चौघी होतो. पण चौघींत आठ जीव होते आणि झोप सोळा जणांची होती.

सिल्वासा मागे टाकून खानवेलच्या रस्त्याला लागलं, की राखोलीच्या आसपास कंपन्यांच्या भिंतींना टेकून अशा ओळी उभ्या आहेत. दहा दारं, एक लांबलचक ओटा, एक नळ. त्यातलं नाशिककडचं घर माझं. माझ्या भिंतीपलीकडे शहाद्याकडची एक, वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. तिच्यापुढे वलसाडची एक गुजरातीण. टोकाला बिहारची एक, तिचं तिसरं बाळंतपण, म्हणून आम्ही तिला वकील मानत असू. कंपनीची घरघर रात्रंदिवस चालायची. काही महिन्यांनी ती कानाला ऐकू येईनाशी होते आणि अंगाला ऐकू येऊ लागते. बाळांनाही येत असणार, कारण दिवाळीत मशीनं थांबली तेव्हा चारही बाळांनी एकदम लाथा मारल्या होत्या. हे मात्र खरं आहे. निदान माझ्या बाळापुरतं.

माझं बोलणं असं आहे. ओळीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. वासोण्याच्या सफारीतला सिंह ज्या रात्री डरकाळी फोडतो त्या रात्री आपल्याकडे कुणाला तरी कळा लागतात, असं मी एकदा सांगून ठेवलं, तर गुजरातिणीचा नवरा संध्याकाळी गॅलरीत कान देऊन उभा राहायचा. गॅलरी नव्हतीच आमच्याकडे. ओट्यावर उभा राहायचा.

लोकांना वाटतं गरोदर बाईचं सगळं ध्यान पोटाकडे असतं. आमचं तोंडाकडे होतं. काही खाल्लं तर उलटी, नाही खाल्लं तर उलटी, आणि ब्रश तोंडात घातला तर दोन्ही. हिरड्या तर अशा हळव्या झालेल्या, की ब्रशचं नाव काढलं तरी लाल व्हायच्या. एकदा मी नळावर चूळ भरली आणि घरमालक विचारत आला, कोंबडं कुणी कापलं म्हणून. त्याचं म्हणणं होतं, वाटा तरी द्यायचा होता.

पाऊस सरून ऊन चढायला लागलं होतं. त्या दिवसांत दुपार अशी पसरायची, जशी ताटात सांडलेली खीर. पुढे सरकत नाही, उचलता येत नाही. आम्ही ओट्यावर भेंडी घेऊन बसायचो आणि एक भेंडी चिरायला पाव तास घ्यायचो. डोळा लागायचा, विळीवरच हात थांबायचा, पुन्हा कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि आम्ही पाण्यातून वर यावं तशा वर यायचो. अशाच एका दुपारी दातांचा विषय निघाला.

गुजरातीण म्हणाली, प्रत्येक पोराला आईने एक दात द्यायचा असतो. हाडं घडवायला बाळ आईचे दात विरघळवून नेतं. तिच्या आईने चार दिले होते. वकिलीणबाईंचं म्हणणं, दात दुखला तरी दवाखान्याची पायरी चढायची नाही, कारण हिरडीत दिलेली सुई खाली उतरते आणि बाळ सुन्न होतं, मग ते जन्मून आठ दिवस रडतच नाही. शहाद्याकडची आमच्यात लहान, पण तिच्याकडे सगळ्यांत जास्त माल. हिरडीतून येतं ते रक्त बाळाचं असतं, म्हणून ब्रश करायचा नाही. तिने तिसऱ्या महिन्यातच ब्रश पत्र्यावर फेकून दिला होता. दात ती मशेरीने, बोटाने घासायची. मशेरीने दाताची कीड मरते आणि मळमळही बसते, असं तिच्या सासूने तिला इकडे निघतानाच सांगितलेलं. ती तव्यावर तंबाखू भाजायला बसली की दहाही खोल्यांना ठसका लागायचा. भिंतीवरची पाल शिंकलेली मी स्वतः पाहिली आहे.

मग तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझी पाळी होती, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. माझ्या आईने गरोदरपणाबद्दल मला एवढंच सांगितलं होतं, की पडू नकोस. आता तिघी आपापल्या मुलखातलं शंभर वर्षांचं काढून मांडतायत, आणि नाशिक जिल्हा रिकाम्या हाताने बसणार, हे माझ्याने बघवलं नाही.

"आमच्याकडे," मी म्हटलं, "गरोदर बाईचा दात काढतच नाहीत. जो दात काढाल, नेमका तोच बाळाला येत नाही. जागा रिकामी राहते. जन्मभर."

भेंड्या थांबल्या. मला आपलं वाटलं, एवढ्यावर सोडणं बरं नाही, म्हणून वर एक साक्षीदारही ठेवला. माझा एक मामेभाऊ आहे, त्याला वरचा सुळा नाही, आणि त्या फटीतून तो इतकी गोड शिट्टी वाजवतो की गाई वाट सोडून मागे येतात.

वकिलीणबाईंनी डोळे मिटून मान हलवली. "हां," म्हणाली, "सुना है।" झालं. त्या दोन शब्दांचा शिक्का बसला की थाप थाप राहत नाही. मी खूश झाले आणि झोपी गेले.

त्या दिवसांत आम्हाला स्वप्नंही ओळीने पडायची. एकीचं अर्धं राहिलं की भिंतीपलीकडची ते पुरं करायची. त्या रात्री मला दिसलं, की मी दुधनीला धरणाच्या काठावर उभी आहे आणि पाण्यावर मक्याच्या दाण्यांसारखे बारके बारके दात तरंगतायत. एक बाई होडीतून सुपाने ते गोळा करतेय आणि काठावरच्या प्रत्येकीला मोजून देतेय. मला तिने ओंजळभर दिले. सकाळी नळावर मी हे सांगायला तोंड उघडलं, तर शहाद्याची म्हणाली, होडीवाली तिच्यापर्यंत आली तेव्हा सुपात एकच दाणा उरला होता. ती हसत नव्हती. मी हसले.

दिवाळी झाली. तिला पाचवा संपत आला होता, मला सहावा. आणि तिची खालची दाढ दुखायला लागली.

पहिले दोन दिवस तिने मशेरी दाबून काढले. लवंग चालत नव्हती, ती गरम पडते. मिठाच्या पाण्याने बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतं. तिसऱ्या दिवशी गाल सुजला. आता गाल सुजला म्हटल्यावर माझ्यासारखीने काय काय नसतं सांगितलं. पण त्या गालाला माझ्या पदरच्या भरीची गरज नव्हती. डोळा अर्धा मिटला होता, कातडी ताणून चकाकत होती, आणि तोंड बोटभरच उघडत होतं. चौथ्या दिवशी ताप आला. भात जाईना, पोळी तर लांबच. मी वरणाचं पाणी चमच्याने पाजत होते आणि त्यातलं निम्मं तिच्या गळ्यावरून खाली येत होतं. तिचा नवरा पाळीवरून आला की दारात उभा राहून म्हणायचा, चल दवाखान्यात. ती मान हलवायची आणि भिंतीकडे वळायची.

मी म्हटलं, अगं, पाचवा महिना, पोटात जेवण नाही, अंगात ताप. बाळ काय खाणार?

तेव्हा तिने कारण सांगितलं. तिथे गेलं तर दाढ काढतील. दाढ काढली तर बाळाला ती येणार नाही. "तुम्हीच तर सांगितलं होतं ना, ताई."

माझी झोप उडाली. चार महिन्यांची साठलेली सगळी झोप एका क्षणात उडाली. मी तिच्या उशाशी बसले आणि आयुष्यात फार कमी वेळा केलेलं काम केलं.

"ती गोष्ट मी केली. मनाने. तुम्हा सगळ्यांकडे काहीतरी होतं आणि माझ्याकडे नव्हतं, म्हणून."

सुजल्या गालाने जेवढं हसता येतं तेवढं ती हसली. "मला दवाखान्यात न्यायचं म्हणून तुम्ही आता खोटं बोलून राहिल्या."

"आणि मामेभावाचा सुळा क्रिकेटचा चेंडू लागून गेलाय."

"मग शिट्टी?"

"शिट्टी खरी."

तिने डोळे मिटले. म्हणाली, सासूबाईंना फोनवर विचारलंय. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, आपल्या भावकीत एक पोरगा आहे तसा, त्याच्या आईने सातव्यात दात काढला होता. माझ्या थापेला शहाद्यात सासर मिळालं होतं. वर तिच्या नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या एकाची बायको खानवेलची, तिनेही ऐकलेलं होतं, आणि तिच्याकडे तर गावांची नावं होती. मी एकटी काय करणार? ज्या गोष्टीला इतके नातेवाईक झाले, तिला जन्म देणारीनेच नाकारलं तर लोक बाईलाच नावं ठेवतात.

मी डाव टाकून पाहिले. म्हटलं, दुधाचे दात वेगळे, नंतरचे वेगळे. म्हटलं, एक दाढ नसली तर काय होतं, एका बाजूने चावेल.  दुखणं वाढलं की ती आमची मिसळलेली भाषा सोडून घरच्या बोलीत जायची. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली,

"मना पोरना दात मी कसा देऊ व ताई? त्याले इचारल्याबिगर?"

माझी जीभ तोंडातल्या तोंडात वर उजवीकडे गेली.  

माझ्या वरच्या बाजूला एका मोडक्या दाढेचं मूळ लग्नाआधीपासून रुतून बसलेलं होतं. गरोदरपणात ते ठणकायला लागलं होतं, सकाळी तोंडाला घाण चव यायची, आणि मी तिकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "मी आधी बसते. माझी दाढ आधी."

ती वळली. "तुम्हाला सहावा ना?"

"संपत आला."

"आणि तरी बसाल?"

"तरी बसेन."

तिने मला नीट न्याहाळलं, बाजारात नोट उजेडाला धरून बघावी तसं. जिभेवर तिचा विश्वास नव्हता. पण पोटात मूल असताना कुणी जबडा पणाला लावत नाही, एवढं तिला कळत होतं. ती उठून बसली आणि म्हणाली, डोक्यावरून ओढणी द्या.

सिल्वासात मोठ्या सरकारी दवाखान्यात दातांचा विभाग खाली आहे आणि बाळंतपणाचा वर. दातांची डॉक्टर एवढीशी होती, मराठी बोलणारी, आणि तिचं मनगट पाहून मला वाटलं ही काय दाढ काढणार, हिला लाडूसुद्धा फुटायचा नाही. तिने दोघींचे महिने विचारले आणि आधी वरून चिठ्ठी आणा म्हणून पाठवलं. दोन पोटं जिना चढली, दोन पोटं जिना उतरली. मधे आम्ही एकदा बसलो आणि मी पायऱ्या मोजल्या. चारशे होत्या.

डॉक्टरने शहाद्याचीच्या तोंडात उजेड धरला आणि तिचा चेहरा गंभीर झाला. पू झालाय, म्हणाली, घाबरायचंच असेल तर याला घाबरा. दाढ काढली की त्याला वाट मिळेल. मधले महिने आहेत, या कामाला हेच बरे. सुई जबड्यापुरती राहते, बाळापर्यंत जात नाही. मग तिने माझ्याही हिरड्या पाहिल्या आणि सांगितलं, रक्त तुमचंच आहे, बाळाचं नाही, अंगातल्या बदलांनी हिरड्या सुजतात, आणि तुम्ही घासणं सोडलं की आणखी सुजतात. मऊ ब्रश घ्या. मग शहाद्याचीचं काळं पडलेलं बोट बघून तिने फक्त "मशेरी?" एवढं विचारलं. शहाद्याचीने बोट ओढणीखाली घेतलं आणि जेमतेम उघडणाऱ्या तोंडाने बाळाच्या दाढेची भीती सांगून टाकली.

"आणि काढलेला दात बाळाला येत नाही, हे कुणी सांगितलं?"

शहाद्याचीने माझ्याकडे बोट केलं. तेच काळं बोट.

डॉक्टरने खुर्चीकडे हात केला आणि म्हणाली, या तुम्ही आधी.

मी बसले. खुर्ची मागे झुकली, तिने मला थोडं डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला एक उशी दिली. आणि मग एक गोष्ट झाली, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात वाढवण्यासारखं काही नाही. मला भीती वाटली. सुईची नाही. मला माझ्याच गोष्टीची भीती वाटली. ती कधी जन्मली, कुठल्या भेंडीवर जन्मली, हे जगात मला एकटीला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी माझा हात पोटावर गेला. मी मनातल्या मनात बाळाला म्हटलं, वरची उजवी, मागून तिसरी, लक्षात ठेव, ती कुणाला देऊ नकोस.

सुई टोचली आणि अर्धं तोंड माझं राहिलं नाही. उजेड पांढरा होता, दुधनीच्या पाण्यावर दुपारी पडतो तसा. कुठूनतरी घरघर येत होती. ती यंत्राची होती की मी कंपनीतली बरोबर आणली होती, सांगता येत नाही. मी पाण्याखाली होते आणि वरून कुणीतरी माझ्या जबड्यातून दोरीने होडी ओढत होतं. दुखत नव्हतं, फक्त ओढलं जात होतं, माझ्यासकट, खुर्चीसकट, राखोलीच्या ओळीसकट. माझ्या पोटात बाळ स्तब्ध होतं. इतकं स्तब्ध, की मी श्वास धरला. आणि मग मूळ निघालं, ताटलीत टक् वाजलं, आणि तिने जखमेवर कापूस ठेवून सांगितलं, तासभर दाबून धरायचा आणि बोलायचं नाही.

तासभर बोलायचं नाही. मला.

शहाद्याची दाराशी उभी होती. तिने आधी माझं तोंड पाहिलं, मग पोट. "हलतंय?" म्हणाली. मला बोलता येत नव्हतं. एरवी मी केवढं सांगितलं असतं. मी तिचा हात धरला आणि पोटावर ठेवला. आम्ही दोघी तशाच थांबलो. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. मग बाळाने बरगडीखाली अशी सणसणीत लाथ हाणली की तिचा हात उडाला. खरंच उडाला. मी एक इंचही वाढवत नाही.

ती खुर्चीत जाऊन बसली. तिला जास्त वेळ लागला. तिने माझा हात इतका आवळून धरला की माझ्या बांगडीचा वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. एवढ्याशा मनगटाने काम चोख केलं. दाढ निघाली, मागोमाग घाण आली, आणि डॉक्टरने बराच वेळ ती जागा धुतली. उठली तेव्हा गाल तेवढाच होता, पण डोळा उघडला होता.

औषधं घेऊन आम्ही खानवेलच्या बसमध्ये बसलो, दोघींच्या गालात कापूस. शेजारच्या बाकावर एक मोठ्या वयाची बाई होती, रिकामी टोपली मांडीवर, भाजी विकून घरी निघालेली. तिने दोन पोटं पाहिली, दोन गाल पाहिले, आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, दात काढला का पोरींनो? कुणी सांगितलं नाही का तुम्हाला? जो दात काढाल तो पोराला येत नाही. आणि नुसता दात नाही, त्या बाजूची खळीपण येत नाही.

खळी. हे मला सुचलं नव्हतं. माझ्याच गोष्टीला केवढा देखणा दागिना कुणी घातला होता, आणि मला दाद द्यायलाही तोंड नव्हतं.

शहाद्याचीने कापूस दातांत धरून ठेवला आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून, डॉक्टरची आज्ञा मोडून, सावकाश म्हटलं,

"मावशी, ती गोष्ट ह्या ताईंनी केलेली आहे. माझ्यासमोर. खोटी आहे."

मी जोरात मान हलवली. बाईने मला केसांपासून चपलेपर्यंत पाहिलं. "ही?" म्हणाली. "ही कालची पोर. माझ्या आजीने मला सांगितलेली आहे." आणि टोपली घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसली.

शहाद्याची खिडकीकडे वळली. उन्हाने तिचा सुजका गाल तांबूस दिसत होता. बस हलत होती आणि आमची डोकी हलत होती, पेंगतायत की हो म्हणतायत ते कळू नये अशी. मला वाटलं ती झोपली. मग तिने माझा पदर ओढला.

"ताई, भूक लागली."

चार दिवसांत पहिल्यांदा. मी मनगटावरचं घड्याळ तिच्यापुढे धरलं आणि बोटाने दाखवलं, काटा इथून इथे गेला की कापूस काढायचा, मग गार दूधभात. तिने काट्याकडे एखाद्या उशीर करणाऱ्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. राखोली येईपर्यंत तिने माझा हात तीनदा ओढून घेतला, आणि तीनदा वेळ बघितली.